वकिलातीच्या फाटकाला घंटा बसली ते वर्ष

एकोणीसशे चौसष्ट साली राजवाड्यातले अध्यक्ष तहहयात अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी, पाऊस ओसरत आला तेव्हा, पोर्तोप्रँसच्या त्युर्जो भागातल्या एका जुन्या लाकडी घराच्या फाटकाला विजेची घंटा बसली. पहिल्या गोष्टीबद्दल शहरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुसरीबद्दल सगळी गल्ली बोलत होती. ते घर म्हणजे दक्षिणेकडच्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या देशाची वकिलात, आणि इदाली फोंतुस तिथं वयाच्या विशीपासून टंकलेखनाचं काम करत होती. वरच्या सज्जात, जिथून बदामाच्या झाडाआडून फाटकाचा वरचा अर्धा भाग दिसे, तिथं तिचं टेबल होतं. घंटा बसली त्या सकाळी ती यंत्रात कागद चढवत होती. खालून दूधवालीची रोजची हाक आली, 'ओने!' इदालीची बोटं कागदावर थांबली. थांबायचं कारण नव्हतं, पण या हाकेच्या पाठोपाठ जे येतं ते आलं नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो जमिनीवर आदळावा, तसं तिला झालं. बाकी काही झालं नाही. कागद चढला, तारीख उमटली. पण दिवसभर तिला वाटत राहिलं की आपण कुठंतरी काहीतरी उघडं टाकून आलोय.

दारात आलेल्यानं बाहेर उभं राहून 'ओने' म्हणायचं, म्हणजे या घराला मान असो; आणि आतल्यानं, तो उठून येवो न येवो, 'रेस्पे' म्हणायचं, म्हणजे तुम्हालाही आदर आहे, या. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मुलं चालायला लागतात तसं ते येतं. इदालीची आई डोक्याला साबण लावलेला असताना न्हाणीतून 'रेस्पे' म्हणायची. आजोबा शेवटच्या दुखण्यात पोटच्या मुलांना ओळखत नव्हते, पण दारात हाक आली की उशीवर त्यांचे ओठ हलायचे. जे घर उत्तर देत नाही त्या घरात एकतर कुणी मेलेलं असतं, नाहीतर आतल्यांनी माणसांतून उठायचं ठरवलेलं असतं. म्हणून दूधवालीनं दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, आणि शेवटी दोर्सेंनं, साठी उलटलेल्या दरवानानं, गजांतून हात बाहेर काढून तिला भिंतीवरचं पांढरं बटण दाखवलं. 'हे दाब, बये,' तो म्हणाला. 'आता आम्ही बोलत नाही. हे बोलतं.' दूधवालीनं बटणाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि तुझी जीभ कुणाकडं गहाण पडली असं विचारून, भांडं भिंतीपाशी ठेवून ती चालती झाली.

हुकूम राजदूत साल्दिव्हारांचा होता आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षापासून घरात आश्रयाला आलेली माणसं राहत होती. दिवाणखान्यात, जेवणघरात, बिलियर्डच्या टेबलावर गाद्या टाकून. कुणी सैन्यातून पळालेला, कुणी छापखानावाला, एका औषधांच्या दुकानदाराची विधवा मादाम तेआर. फाटकाच्या आत वकिलातीची जमीन, म्हणजे दुसरा देश; फाटकाबाहेर निळ्या कपड्यातल्या शिपायांचा पहारा. आत आलेल्याला कुणी हात लावायचा नाही आणि बाहेर पाऊल टाकलेल्याला कुणी वाचवायचं नाही, असा तो सगळा खेळ. सप्टेंबरात एकदा तिन्हीसांजेला म्हाताऱ्या आवाजात 'ओने' आलं. दोर्सेंनं 'रेस्पे' म्हणून कडी सरकवली, तर तीन निळे खांदे फाटकात घुसले. स्वयंपाकीण आणि छापखानावाला धावले, सगळ्यांनी मिळून अंग टाकलं, तेव्हा फाटक कसंबसं लागलं. त्यानंतर राजदूतांनी घंटा आणवली. या घरातून यापुढे कुणीही हाकेला उत्तर द्यायचं नाही. बटण दाबलं तर दोर्सें बघेल, माणूस पटला तर उघडेल. साल्दिव्हार मवाळ माणूस होते, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं पिवळे पडलेले. इदालीला हुकूम सांगताना ते जवळजवळ माफी मागत होते. त्यांच्याकडे म्हणे खेड्यात दाराशी उभं राहून टाळ्या वाजवतात. शहरात तेही बंद पडलं आणि कुणाचं काही अडलं नाही.

इदालीला वाटलं, यांना काय सांगायचं. या वकिलातीचा जो इतिहास राजदूतांच्या खोलीत तसबिरींच्या रूपानं ओळीनं टांगलेला होता, त्यात कोण कधी आला आणि कोण कधी गेला एवढंच होतं. तिच्याजवळचा इतिहास निराळा होता, आणि तो फाटकावरून कुणाच्या आवाजात उत्तर गेलं यावरून चाले. बंदराजवळच्या हॉटेलातल्या दोन खोल्यांत वकिलात होती तो काळ तिनं पाहिला नव्हता. तेव्हा म्हणे उत्तर हॉटेलचा नोकर देई. मग कॉफीच्या व्यापाऱ्याच्या विधवेनं हे घर भाड्यानं दिलं, आणि जाताना वारसा म्हणून एक पोपटही ठेवून गेली. तो पोपट हाकेला उत्तर द्यायचा. इदाली नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिला 'रेस्पे' म्हणणारा तोच होता. महायुद्धाच्या वर्षांत त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून किती कोंबडीवाले आणि टोपल्यावाले थेट राजदूतांच्या बैठकीपर्यंत आले त्याला गणती नाही. वकिलातीचे एक प्रमुख तर, ज्यांना सगळे 'उंच साहेब' म्हणत, स्वतः सज्जात येऊन उत्तर देत, चुकीच्या उच्चारात, छाती भरून. आणि गल्लीतल्या पोरी तेवढ्यासाठी येता-जाता हाका मारत. त्यांच्या काळात वकिलातीचा दर्जा वाढला, पाटी बदलली, घराला थोरली वकिलात म्हणू लागले, मेजवानी झाली. इदालीला मेजवानीतलं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी उंच साहेबांचा घसा बसला होता आणि त्यांनी तिला खूण केली होती की आज तू दे, एवढं आठवतं. तिनं दिलं होतं. एवढ्या मोठ्या घराच्या वतीनं आपला आवाज खाली गेला याचं तिला दिवसभर काहीतरी वाटत राहिलं होतं. पोपट मेल्यावर दोर्सें आला, आणि मग इतकी वर्षं त्याचा खरखरीत आवाज म्हणजेच हा देश, ही वकिलात, ही सकाळ. आता तिथं घंटा होती.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी ती कुणाजवळ बोलत नसे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधे लालूच्या रस्त्यावरच्या तिच्या निळ्या दाराच्या घरी निळ्या कपड्यातले लोक आले. त्यांनी हाक मारली नव्हती. आई आणि इदाली जेवणाच्या टेबलाशी होत्या, भाऊ रोद्रिग आरशासमोर दाढी करत होता, आणि दार एकदम आतच आलं. त्यांनी रोद्रिगला नेलं, त्याचं पुढं काही कळलं नाही. आईला नंतर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवे. त्यांनी साधं 'ओने'सुद्धा म्हटलं नाही, ती म्हणायची, जणू म्हटलं असतं तर सगळं निराळं झालं असतं. आणि हे म्हणत म्हणतच ती ईस्टरच्या आधी गेली. म्हणून फाटकावर एखादी हाक उत्तराशिवाय विरून गेली की इदालीला वाटे, आपणही त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या आहोत.

फाटकाबाहेर दिवसाचा पहारा मेरिलुस नावाच्या शिपायाचा असे. जाकमेलच्या वरच्या डोंगरातला, तिशीचा, पायांना बुटांची सवय नसलेला. दुपारी कुणी बघत नसेल तेव्हा तो बूट काढून पाय भिंतीच्या सावलीत पसरी. दोर्सेंनं त्याला स्वयंपाकघरातली एक वेताची खुर्ची दिली होती, कारण दिवसभर ताटकळलेला माणूस चिडका होतो आणि चिडका माणूस वाईट, असं त्याचं म्हणणं. दोघं गजांतून एकमेकांशी बोलत. बंदूक धरतोस तशी कुदळ धरली असतीस तर एव्हाना तुझी केळीची बाग झाली असती, असं दोर्सेंनं एकदा त्याला टोचलं. मेरिलुस म्हणाला, 'बाग होतीच की, काका. सार्जंटनं बाग घेतली आणि बंदूक दिली.' इदाली येता-जाता त्याच्याकडं बघत नसे. तो टोपीला हात लावी, ती मान वळवी. त्याच्या हातांकडं मात्र तिची नजर जाई. चाकू, कुदळ, दोर असल्या कामाचे रुंद हात. ऑगस्टमधल्या त्या दिवशी खोलीत इतके हात होते, आणि तिला एकाचाही चेहरा आठवत नव्हता.

नोव्हेंबराच्या सुरुवातीला भाजीवालीनं तिच्या टोपलीत कोबी ठेवता ठेवता सांगितलं की मास्तर खाली उतरणार आहेत. मास्तर म्हणजे कासेउस, रोद्रिगला भूगोल शिकवलेले; भावाला शाळेतून आणायला जाई तेव्हा त्यांचा वर्ग तिनं खिडकीबाहेरून ऐकलेला होता. वर्गातला अध्यक्षांचा फोटो भिंतीवरून पडला तो पुन्हा टांगायला ते विसरले, तेव्हापासून केन्स्कॉफच्या डोंगरात कोबीच्या शेतांतून लपत होते. कधी येणार ते तिला माहीत नव्हतं, कसे येणार तेही नाही. घंटेचं त्यांना कळवायला हवं होतं. पण भाजीवाली पुन्हा आली नाही. मग इदालीचे दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. पाववाली, मासळीवाली, मठातली नन, कुणीही 'ओने' म्हटलं की ती उठून उभी राही आणि पुन्हा बसे. शेजारच्या खोलीतून राजदूत विचारत, काही हवंय का, सेन्योरिता? ती म्हणे, नाही, पेन्सिल पडली.

एका सकाळी, उन्हं फाटकावर आली असताना, ती हाक आली. गाढवावर कोळशाची पोती, बरोबर काळ्या तोंडाचा माणूस. बदामाच्या पानांआडून तिला त्याची फाटकी टोपी दिसली. 'ओने', तो म्हणाला. डोंगरी माणसासारखं म्हणायचा प्रयत्न होता, पण स्वर लांबला, आणि त्या लांबलेल्या स्वरात जगातल्या राजधान्या वर्गाकडून म्हणून घेणारा आवाज तिनं ओळखला. मादागास्कर... आणि मग सगळा वर्ग. कोळसेवाला घंटा दाबत नाही. घंटेचं बटण म्हणजे काय हे त्याला माहीत असणं हाच संशय. तो पुन्हा म्हणाला, 'ओने.' खाली दोर्सें फाटकाशी पुतळ्यासारखा उभा होता, हुकूम पाळत, अनोळखी माणसाला बटणही न दाखवता. दिवाणखान्यातली कुजबुज थांबली. एक शब्द, इदालीला वाटलं, एकच, पोपटानंही दिला असता. तिच्या घशाशी तो आलाही होता. पण शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, आत राजदूत होते, सप्टेंबरातले ते खांदे होते, घरात झोपणारी इतकी माणसं होती, आणि एवढ्या वर्षांची सांगितलं तेवढं करण्याची सवय होती. तिनं तोंड उघडलं नाही. रस्त्यावर पहाऱ्याचा शिपाई होता आणि उत्तर न मिळालेला माणूस फाटकापाशी किती वेळ उभा राहू शकतो? तिसऱ्यांदा 'ओने' आलं, आता जरा बारीक.

आणि मग भिंतीच्या सावलीतून उत्तर आलं. 'रेस्पे, रेस्पे,' वैतागलेल्या, ओळखीच्या सुरात; चुलीवर काहीतरी उतू जात असताना एखादी म्हातारी म्हणते तसं. खुर्चीतला मेरिलुस म्हणाला होता. डोळे त्याचे अर्धे मिटलेले होते. लहानपणापासून जिथं हाक आली आणि कुणी बोललं नाही तिथं तो बोलत आला असेल. आजीच्या घरी, मामाच्या घरी, कुणाच्याही ओसरीवर. त्याला जणू त्या घराची लाज वाटली. आणि उत्तर ऐकताच दोर्सेंच्या हातानं, डोक्याला न विचारता, कडी काढली. मास्तर पाठीवर पोतं घेऊन आत आले. फाटक लागलं. आत येऊन ते स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले, आणि हात धुवायला मिळतील का एवढंच त्यांनी विचारलं. पुढं राजदूतांनी हुकूम मोडल्याबद्दल दोर्सेंला बोलावलं, तेव्हा तो अगदी मनापासून गोंधळला. 'साहेब, मी कुठं उत्तर दिलं? उत्तर दिलं गेलं, म्हणून मी उघडलं. उत्तर दिल्यावर न उघडणं कसं जमायचं?'

घरात तासभर आनंद होता. मग कुणीतरी खिडकीतून गाढव पाहिलं. ते फाटकाशी बांधलेलं होतं, पाठीवर अजून एक पोतं, आणि ते शांतपणे बोगनवेल खात होतं. कोळसेवाला आत गेला आणि बाहेर येत नाही, हे रस्त्याला दिसत होतं. मेरिलुसनं दोर्सेंला गजांतून विचारलं, काय रे काका, कोळसेवाला कुठं राहिला? पैसे मोजतायत, दोर्सें म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. जेवतोय, दोर्सें म्हणाला. मेरिलुसनं गाढवाकडं पाहिलं. मग त्यानं बूट चढवले, नाड्या नीट बांधल्या, आणि परत खुर्चीत बसला. आता पाठ टेकत नव्हता. समोरच्या इस्त्रीवालीनं ते सगळं पाहिलं होतं, म्हणजे दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. सूर्य मावळताना सार्जंट पहारा बदलायला येई. आज सकाळी कोण आत गेलं आणि कुणी जाऊ दिलं, हे त्याला सांगायला गाढवसुद्धा पुरेसं होतं. पळायला मेरिलुसकडं जागा नव्हती. डोंगरात त्याचं घर सार्जंटच्याच बागेला लागून होतं. आणि जे त्याच्या हातून झालं त्याला या शहरात शिक्षा एकच होती.

जेवणघरात सगळे जमले ते दोर्सेंनं तोंड उघडल्यामुळे. तो म्हणाला, पोराला आत घ्यायला हवं. मादाम तेआर उठून उभी राहिली. तिच्या नवऱ्याला दुकानाच्या दारातच मारलं होतं. 'हा या छपराखाली झोपणार असेल,' ती म्हणाली, 'तर मी आत्ता बाहेर जाऊन त्याच्या खुर्चीत बसते.' हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. छापखानावाला म्हणाला, हे सोंग असेल, आत येऊन आमच्या उशाशी बसेल. मग सगळे मास्तरांकडं बघू लागले, कारण त्याच्या उत्तरामुळं आत आलेले तेच. मास्तरांनी हात धुतले होते पण नखांत कोळसा राहिला होता. त्यांनी नीट, वर्गात बोलावं तसं सांगितलं, की तो माणूस मला ओळखत नव्हता. त्यानं मला वाचवलं नाही. त्यानं एका कोळसेवाल्याला आत जाऊ दिलं. यात माझं देणं काही निघत नाही. ते खरं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकून बरं वाटलं. इदालीलाही क्षणभर वाटलं. मग तिच्या मनात आलं, कोळसेवाल्याला तर मीसुद्धा आत जाऊ दिलं नव्हतं. मास्तर आहेत हे ओळखूनही नाही.

राजदूत तिच्याकडं वळले. नियम त्यांना पाठ होता. आश्रय मागितला पाहिजे. आणि ज्याच्या हातावर रक्त आहे अशाला नाकारता येतो. त्यानं मागितलेला नव्हता. त्याच्या हातावर काय आहे ते इथं कुणाला माहीत नव्हतं. 'सेन्योरिता फोंतुस,' ते म्हणाले, 'तुमच्या घरचंही काही झालंय, मी ऐकलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी नको म्हणेन.' असं म्हणून त्यांनी निर्णय तिच्यावर सोपवला; यानं तिचं काम सोपं झालं की अवघड हे तिला पुढं कधी ठरवता आलं नाही. तिनं विचारलं, मी त्याच्याशी बोलू का. आणि ती बागेतून फाटकाकडं गेली. ती वाट ती रोज चालत असे, पण आज खडी पायाखाली फार वाजत होती. बदामाची लाल पानं पडली होती. तिला आरशासमोरचा रोद्रिग दिसत होता, एका गालावर साबण, आणि तो साबण तसाच सुकला असेल का हा प्रश्न, जो तिला रात्री नव्हे तर भर दुपारी, यंत्राशी बसलेली असताना पडे. गजांपलीकडं मेरिलुस उठून उभा राहिला. टोपीला हात लावायला त्यानं हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

'गेल्या वर्षी ऑगस्टात तू शहरात होतास?' तिनं विचारलं.

'होतो, मामझेल.'

'रोद्रिग फोंतुस. माझा भाऊ.'

त्यानं खरंच आठवून पाहिलं. ते तिला दिसलं आणि त्याचाच तिला राग आला. 'नावं आम्हाला सांगत नाहीत,' तो म्हणाला. 'ट्रक थांबतो, आम्ही उतरतो. मी बहुतेक ट्रकपाशी उभा असतो. नसतोही कधी. नाही असं तुम्हाला सांगितलं असतं, पण मला माहीत नाही.'

पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर होता. घर कसं होतं, कोणत्या रस्त्यावर, दाराला कोणता रंग. निळ्या दाराचं घर म्हटलं असतं तर त्याला आठवलं असतं, किंवा आठवलं नसतं. आणि मग तिला कळलं असतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या गळ्यावर घाम होता, आणि दाढी करताना कापल्याची एक छोटी रेघ. मागं सगळं घर खिडक्यांत उभं होतं. तिला त्या माणसाची दया आली नाही. हे ती म्हातारपणीही ठामपणे सांगे. माफी हा शब्दही तिच्या मनात आला नाही. तिला एवढंच वाटलं की सकाळी एकदा आपण या फाटकाच्या आत गप्प बसलो आहोत, आणि एकाच दिवसात दुसऱ्यांदा तसं बसायला लागणारं बळ आपल्याजवळ नाही. तिनं कडी काढली.

'ती खुर्ची आमच्या स्वयंपाकघरातली आहे,' ती म्हणाली. 'आत आण.'

मेरिलुसला कळायला वेळ लागला. मग त्यानं बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, हळूच, कुणाची तरी वस्तू परत करावी तशी, आणि दोन्ही हातांनी खुर्ची उचलून तो आत आला. दोर्सेंनं फाटक लावलं. मादाम तेआर खिडकीतून दूर झाली. बाहेर मात्र ती गेली नाही. सार्जंट आला तेव्हा त्याला भिंतीशी एक बंदूक आणि एक गाढव मिळालं. तो फाटकावर लाथा मारू लागला, तसे राजदूत साल्दिव्हार काळा कोट घालून, छातीवर सगळी पदकं लावून खाली गेले आणि गजांपाशी उभे राहिले. त्यांच्या पोटात त्या वेळी मरणाची कळ उठली होती, असं ते नंतर म्हणाले. सार्जंटला वाटलं ते हसतायत.

पुढं कुणाचं काय झालं ते असं. आत आलेल्या बाकी सगळ्यांना पुढल्या वसंतात देश सोडायचा परवाना मिळाला. मेरिलुसच्या बाबतीत सरकारनं कळवलं की असा शिपाई आमच्याकडं कधी नव्हता. आणि जो नव्हताच त्याला परवाना कसा मिळणार? मादाम तेआर तोवर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती माँत्रेयालला गेली, तिथं तिनं पुन्हा औषधांचं दुकान काढलं. विमानतळाच्या गाडीत बसताना तिनं बागेत पाणी घालणाऱ्या त्या माणसाकडं पाहिलं नाही. मास्तर कासेउस आफ्रिकेत शाळा चालवायला गेले आणि तिकडचेच झाले. दर नव्या वर्षाला ते इदालीला शुभेच्छा पाठवत, आणि मेरिलुसबद्दल कधी विचारत नसत, एकदा सोडून. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तो बरा आहे ना. राजदूत साल्दिव्हार मायदेशी परतल्यावर वर्षाच्या आत वारले. दोर्सें फाटकाच्या कोठीतच गेला. त्याआधी एकदा तार तुटून घंटा बंद पडली होती, ती दुरुस्त करायचं त्यानं कुणाला सुचवलं नव्हतं. गाढव सार्जंटनं नेलं आणि बाजारात विकलं.

मेरिलुस सात वर्षं त्या भिंतीच्या आत राहिला, इतकं तिथं कुणीच राहिलं नव्हतं. त्यानं मागल्या अंगणात केळी लावल्या. इदाली त्याला सकाळी एक शब्द बोले, संध्याकाळी एक. मग म्हातारे अध्यक्ष वारले, त्यांचा मुलगा बसला, आणि वकिलात वर पेत्योंव्हिलच्या नव्या सिमेंटच्या इमारतीत हलवायचं ठरलं. टेबलं गेली, तसबिरी गेल्या. शेवटी राहिला हा माणूस, ज्याला मधल्या रस्त्यांवर पाऊल टाकता येत नव्हतं. नव्या राजदूतांनी आपली झेंड्याची गाडी दिली, कारण गाडीच्या आतही दुसरा देश असतो. इदाली त्याच्याबरोबर मागं बसली. तो टोपी गुडघ्यांवर धरून, काच बंद असताना, बाहेर बघत होता. वर जायचा सरळ रस्ता लालूचा. निळ्या दाराच्या घरावरून जाणारा. गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा तिनं ड्रायव्हरला सांगितलं, खालून चल, बंदरावरून, मग देल्मासनं वर. ड्रायव्हर म्हणाला, मामझेल, तो तर उलटा रस्ता. असू दे, ती म्हणाली.

बंदराशी त्या वेळी ऊन होतं आणि पाणी पार क्षितिजापर्यंत पांढरं झालं होतं. मेरिलुस काचेला कपाळ लावून बसला. डोंगरातून आल्यावर शहरात त्यानं समुद्र असा कधी पाहिला नव्हता, नेहमी तो झाकलेल्या ट्रकच्या मागं बसलेला असायचा. पुढं नव्या इमारतीची बाग त्यानं म्हातारपणापर्यंत सांभाळली. शेवटच्या वर्षांत त्याच्या बहिणीचा मुलगा त्याला गावी घेऊन गेला आणि तिथंच तो गेला. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला, माळ्यांना, स्वयंपाकिणींना, परक्या देशातून आलेल्या तरुण सचिवांना तो सांगत राहिला की इतकी वर्षं कोंडलेल्या माणसाला एकदा समुद्र दिसावा म्हणून मामझेल फोंतुसनं गाडी उलटी फिरवली. इदाली निवृत्त झाली, निळ्या दाराच्या घरात एकटी राहिली, आणि पुष्कळ जगली. कुणी तिला त्याबद्दल विचारलं की ती म्हणे, हो, दिवस छान होता.